गावच्या दौडीत शेवटच्या शंभरात धावणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी डॉक्टरांची संघटना, एखादं मंडळ किंवा धावणाऱ्यांचा ग्रुप मिळून रविवारी पहाटे दहा किंवा एकवीस किलोमीटरची दौड भरवतो. तिच्यात बक्षीस घेणारे घेतात. ही प्रश्नोत्तरं उरलेल्यांसाठी, त्यातही जे दीड तास, तीन तास झुंजून कशीबशी कमान गाठतात त्यांच्यासाठी आहेत. धावण्यावरचे बहुतेक सल्ले वेगवान धावकाला डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. तो पाऊण तासात दहा किलोमीटर उरकून पोह्यांच्या रांगेत उभा असतो, आणि आपण तेवढाच वेळ अजून रस्त्यावर असतो. तोवर ऊन वर आलेलं असतं, टेबलावरचं पाणी संपत आलेलं असतं आणि रिक्षा सुरू झालेल्या असतात. म्हणून खालचा सगळा हिशोब किलोमीटरपेक्षा घड्याळाला धरून मांडला आहे.

सलग तीन किलोमीटरही धावता येत नाही. दहाला नाव घालू का?

हातात दोन-अडीच महिने असतील आणि तासभर झपझप चालून दमत नसाल तर घाला. ताशी सहा किलोमीटरने नुसतं चाललं तरी दहा किलोमीटरला १०० मिनिटं लागतात, आणि बऱ्याच गावदौडींत दहासाठी त्याहून जास्त वेळ देतात. तरी फॉर्ममध्ये वेळेची मर्यादा लिहिलेली असते ती वाचूनच पैसे भरा. दौड तीन आठवड्यांवर आली असेल तर तीन किंवा पाच किलोमीटरची फन रन, म्हणजे हौसेची छोटी दौड, घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शिवाय गर्दी असल्याने मजा येते.

सरावाचं फार अवडंबर नको. आठवड्यातून तीन दिवस, त्यातला एक लांब. हा लांब दिवस अंतराने मोजू नका. शर्यतीला तुम्हाला दीड तास लागणार असेल तर दीड तास पायांवर राहायची सवय हवी, मग त्यात धावणं किती आणि चालणं किती हा पुढचा प्रश्न. तासापासून सुरुवात करा, दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवा. एखाद-दोन लांब दिवस मुद्दाम उशिरा, ऊन वर आल्यावर निघा, कारण शर्यतीतला तुमचा शेवटचा अर्धा तास तसाच असणार आहे. शेवटचा आठवडा हात आखडता घ्या.

आणि कुत्री. पहाटे साडेपाचला अनोळखी गल्लीत शिरू नका. अंगावर आलंच तर धावणं थांबवून चालायला लागा, पाठ दाखवू नका.

मध्ये मध्ये चाललं तर ‘पूर्ण केली’ असं म्हणता येतं का?

येतं. नियम दोन पायांवर ठरलेल्या मार्गाने वेळेत पोहोचा एवढाच असतो. धावणं आणि चालणं आलटून पालटून करायची पद्धत जगभर रुजवली ती अमेरिकेच्या जेफ गॅलोवे यांनी, आणि ते स्वतः १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले. म्हणजे ही आळशांनी काढलेली पळवाट नाही.

हिशोब करून बघा. चार मिनिटं धावायचं, वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं. एक मिनिट चालायचं, वेग किलोमीटरला दहा मिनिटं. सरासरी येते किलोमीटरला सात मिनिटं ५४ सेकंद. दहा किलोमीटर ७९ मिनिटांत. आता हेच सलग धावायला गेलात, सहाव्या किलोमीटरला दम तुटला आणि उरलेलं अंतर पाय ओढत बारा-तेरा मिनिटांच्या चालीने काढलं, तर ९० मिनिटं सहज ओलांडाल.

यातली मेख एकच आहे. चालायचं ते दमण्याआधी, अगदी पहिल्या पाच मिनिटांपासून. तेव्हा चालायला लाज वाटते, बाजूने सोसायटीतले ओळखीचे पुढे जात असतात, कुणीतरी ‘काय हो, एवढ्यात?’ म्हणतं. म्हणू द्यावं. त्यांतले निम्मे आठव्या किलोमीटरला भेटतात. चालायच्या आधी हात वर करून रस्त्याच्या कडेला सरका. मधोमध अचानक थांबलात तर मागचा अंगावर येऊन आपटतो.

कटऑफचं, म्हणजे वेळेच्या मर्यादेचं, खरंच एवढं मनावर घ्यायचं का?

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची दौड असते. महाराष्ट्रातूनही दरवर्षी बरेच जण जातात. तिथे बारा तास भरले की अंतिम रेषेवर धावकांकडे पाठ करून उभा असलेला माणूस बंदूक उडवतो. एका सेकंदाने चुकलेल्याला पदक नाही. पाठ अशासाठी की समोरचा चेहरा बघून हात थबकू नये.

आपल्याकडे एवढं कडक कुणी नसतं. ‘या काका, या, अजून मॅट आहे’ असं म्हणत स्वयंसेवक थांबतात (मॅट म्हणजे वेळ नोंदवणारी, रस्त्यावर अंथरलेली पट्टी). पण रस्ता पोलिसांनी ठरावीक वेळेपुरता दिलेला असतो, आणि तो उघडला की आयोजकांच्या हातात काही राहत नाही. गाड्या सुरू झाल्या की फुटपाथवर किंवा रस्त्याच्या उजव्या कडेला या, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. इअरफोन असतील तर काढून टाका. मागे राहिलेल्यांना उचलत येणाऱ्या स्वीप गाडीत बसायला सांगितलं तर वाद घालू नका. ती चालवणारा पोरगा बहुतेक वेळा पहाटे तीनपासून जागा असतो.

अर्ध मॅरेथॉनला, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरला, साडेतीन तास दिले असतील तर किलोमीटरला नऊ मिनिटं ५७ सेकंद पुरतात. तीन तास असतील तर आठ मिनिटं ३२ सेकंद. हे आकडे हातावर पेनाने लिहून ठेवा, पंधराव्या किलोमीटरला भागाकार होत नाही. शिवाय मर्यादा सुरुवातीच्या बंदुकीच्या वेळेपासून मोजतात की तुमच्या चिपच्या, म्हणजे तुम्ही स्वतः रेषा ओलांडल्याच्या वेळेपासून, हे विचारून घ्या. शेवटच्या गटात उभं राहिलं की सुरुवातीची रेषा ओलांडेपर्यंतच पाच-सात मिनिटं गेलेली असतात. आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी उशिरा आली म्हणून झेंडा वीस मिनिटं उशिरा हलला, तर सूर्य काही त्यांच्यासाठी थांबत नाही. या वीस मिनिटांची किंमत पुढचे देत नाहीत, आपण देतो.

पहिल्या दोन किलोमीटरांतच धाप लागते. सरावात असं होत नाही.

सरावात डीजे नसतो. सुरुवातीआधी मंचावर झुंबा चालू असतो, तो वॉर्म-अप आहे असं सांगितलं जातं. तासभर धावणाऱ्याला तो चालत असेल. ज्याला दोन-तीन तास काढायचे आहेत त्याने बाजूला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. मग ढोल-ताशा, गर्दीचा रेटा, उतार असेल तर विचारायलाच नको. पहिला किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा मिनिटभर जलद जातो आणि ते कळतही नाही.

मागच्या गटात मुद्दाम मागे उभे राहा. पहिले दोन किलोमीटर बोलता येईल अशा वेगाने जा. पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं तर वेग बरोबर, ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच निघत असेल तर जास्त. पाठीवर वेळेचा झेंडा लावलेले पेसर असतात, त्यांच्यामागे जमलेल्या घोळक्याला बस म्हणतात. तुमच्या वेळेपेक्षा पाच-दहा मिनिटं संथ बस धरा. फक्त तो पेसर सलग धावणारा आहे की चालत-धावत नेणारा, हे आधी विचारा.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन पहिली म्हणून करू का?

पहिली म्हणून नको, दुसरी किंवा तिसरी म्हणून जरूर करा. २०१२ पासून भरणारी ही अर्ध मॅरेथॉन शहरातून निघून कासच्या रस्त्याने यवतेश्वरचा घाट चढते आणि त्याच वाटेने खाली येते. पावसाळ्याच्या शेवटाला डोंगर हिरवा असतो, धुकं असतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातारकर उभे असतात. असं वातावरण फार कमी दौडींना मिळतं.

सगळे चढाची धास्ती घेतात. मागच्या धावकाला चढ तितकासा मारत नाही, कारण तिथे तो चालतोच आणि शेजारचाही चालत असतो. छोटी पावलं, नजर दहा-पंधरा फुटांवर, वळणावरून वर किती उरलंय ते बघायचं नाही. गंमत परतीला होते. उतार म्हणजे फुकटचा वेग असं वाटून माणूस पाय सोडतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन झेलतात, आणि स्नायूंना सगळ्यात जास्त इजा याच प्रकारच्या कामात होते. मांड्या शहरात पोहोचेपर्यंत दगड होतात, आणि मग सपाट रस्त्यावरचे शेवटचे किलोमीटर घाटापेक्षा लांब वाटतात. उतारावर पावलं लहान आणि भरभर ठेवा, टाच आपटू नका, मागे रेलून ब्रेक लावत उतरू नका. सरावात चढाइतकाच उतार हवा. पुण्याचे लोक सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर जातात. घाट जवळ नसेल तर एखादा उड्डाणपूल पहाटे दहा वेळा वर-खाली केला तरी मांड्यांना कल्पना येते.

पाणी किती प्यायचं?

तहानेइतकं. हे उत्तर सोपं वाटतं, पण मागच्या धावकांच्या बाबतीत चुका दोन्ही बाजूंनी होतात.

पहिली नेहमीची. पुढच्या लोकांनी ग्लास अंगावर ओतून घेतलेले असतात, बाटल्या एक घोट घेऊन भिरकावलेल्या असतात, आणि तुम्ही सातव्या किलोमीटरला पोहोचता तेव्हा टेबलावर ओला टेबलक्लॉथ उरलेला असतो. म्हणून अर्धा लिटरची बाटली स्वतःजवळ ठेवा. कमरेचा पट्टा नसेल तर हातात. आयोजकांना एक विनंती: शेवटच्या दोन टेबलांवरची निम्मी खोकी पहिला तास उघडूच नका.

दुसरी चूक कमी लोकांना माहीत असते. हळू जाणारा निवांत असतो, दर टेबलावर थांबतो, ‘पाणी प्या, पाणी प्या’ असं सगळे सांगत असतात म्हणून पितच राहतो. त्यातून रक्तातलं सोडियम उतरतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांमध्ये ते नेहमीच्या पातळीपेक्षा कमी आढळलं. हा त्रास ज्यांच्यात जास्त आढळला त्यांच्याबाबत दोन गोष्टी दिसल्या: शर्यतीत वजन वाढलेलं, आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागलेला. म्हणजे आपणच. डोकं दुखणं, मळमळ, बोटांतली अंगठी घट्ट होणं, बोलण्यात गोंधळ, असं काही झालं तर आणखी साधं पाणी ढोसू नका, वैद्यकीय तंबू गाठा.

तासाभराच्या पुढे साध्या पाण्याबरोबर ओआरएस घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजपंचे मीठ घालू नका. दुकानातून घेताना पाकिटावर ओआरएसचं प्रमाण छापलेलं बघा, त्याच शेल्फवर नुसती गोड सरबतंही ठेवलेली असतात.

वसई-विरार किंवा मुंबईत पुण्यापेक्षा जास्त हाल का होतात?

दमटपणा. घाम निथळून गार वाटत नाही, तो वाळला तरच अंगातली उष्णता जाते. समुद्राकाठच्या हवेत तो वाळत नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरमध्ये जो वेग जमतो तो तिथे जमेल असं धरू नका, किलोमीटरला अर्धा मिनिट तरी सोडून द्या. मुंबईत पेडर रोडच्या चढाला पूर्ण मॅरेथॉनवाल्यांचे चेहरे बघितलेत तर हा सल्ला जास्त पटेल. टोपीवर पाणी ओतलं तर बरं वाटतं, बुटांत मात्र जाऊ देऊ नका.

बरगडीखाली कळ आली किंवा पोटरीत वांब आला तर?

बरगडीखालच्या कळेचं नेमकं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. भरल्या पोटी आणि गोड पेयं घटाघटा पिऊन धावणाऱ्यांना ती जास्त येते, एवढं दिसतं. चालायला लागा, दुखऱ्या जागी बोटांनी दाबा, थोडं पुढे वाकून श्वास पूर्ण बाहेर सोडा. बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत जाते.

वांब आला की लोक केळं आणि मीठ घेऊन धावत येतात. त्यांचा भाव चांगला असतो, पण शर्यतीतला वांब बऱ्याचदा थकलेल्या स्नायूला येतो, आणि त्यावरचा तातडीचा उपाय म्हणजे तो स्नायू हळू ताणणं. पोटरी असेल तर टाच जमिनीला टेकवून चवडा नडगीकडे ओढा, झटका न देता. पुन्हा निघाल्यावर आधीचा वेग विसरा. आणि कुणी फवारा मारून दिला तर घ्या, गार वाटतं, बाकी फारसं काही होत नाही.

‘अजून थोडं’ कधी म्हणायचं नाही?

छातीत दाब किंवा दुखणं, ते जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणं, डोळ्यांपुढे अंधारी, ऊन असताना अंगावर थंड शहारे, आपण कुठल्या चौकात आहोत ते न उमगणं. यांतलं एकही असेल तर तिथेच थांबायचं, बसायचं, शेजारच्याला सांगायचं. लंगडत चालण्याची वेळ आली तरी थांबा, पुढच्या रविवारी दुसऱ्या गावची दौड असते.

आदल्या दोन-तीन दिवसांत ताप येऊन गेला असेल तर धावू नका. सुरुवातीआधी वेदनाशामक गोळी घेऊन निघायची पद्धत काही ग्रुपमध्ये आहे, ती सोडून द्या. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. चाळिशी ओलांडलेली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असेल तर नाव घालण्याआधी डॉक्टरांना भेटा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहायची जागा असते, ती कोरी सोडलेली मला अजिबात आवडत नाही.

बूट किती महागाचे हवेत?

पायात बसणारे आणि आधी वापरलेले. शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला दोन तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली, आणि ते अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. हे सांगण्याचा हेतू तुम्हीही चपला काढाव्यात असा नाही, पंधरा हजारांचा बूट घेतल्याने दहा मिनिटं कमी होतील या हिशोबाला जरा चाप बसावा एवढाच. बोटांपुढे अंगठाभर जागा ठेवा, लांब धावल्यावर पाय फुगतो. शर्यतीचा नवाकोरा टी-शर्ट त्याच दिवशी घालू नका. घामाने भिजलेलं नवं पॉलिस्टर दोन तासांत काखा आणि छाती सोलून काढतं. मांड्या, काखा आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर व्हॅसलिन लावायचं. अंघोळीच्या वेळी ओरडायचं नसेल तर हे टाळू नका.

साडी नेसून धावता येईल का? आणि बायकांच्या इतर अडचणी?

येईल. बारामतीच्या लता करे यांनी साठी उलटल्यावर, २०१३ मध्ये, नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी साडीत अनवाणी धावून तीन किलोमीटरची ज्येष्ठांची शर्यत जिंकली. लांब अंतराला कासोट्याची नऊवारी पाचवारीपेक्षा सोयीची, आत घासणार नाही अशी घट्ट चड्डी हवीच.

साडीपेक्षा मोठ्या अडचणी दुसऱ्या आहेत. पहाटे साडेचारला मैदानावर पोहोचायचं कसं, हा पहिला प्रश्न. दोघी-तिघी मिळून गाडी ठरवा. मैदानावर स्वच्छतागृहाची रांग लांब असते आणि मार्गावर बऱ्याचदा काहीच नसतं. नावनोंदणीच्या वेळीच आयोजकांना ‘मार्गावर बायकांसाठी सोय कुठे आहे’ असं लेखी विचारा. दहा जणींनी विचारलं की पेट्रोल पंपवाल्याशी बोलणी होतात. पाळी त्या दिवशी आली तर धावायला हरकत नाही, जमेल तेवढं धावा. अंगाला नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा मात्र बुटाइतकीच महत्त्वाची समजा.

माझं वय ६२. हसतील का?

फौजा सिंग वयाच्या ८९व्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावले, आणि २०११ मध्ये टोरंटोत, शंभरी गाठल्यावर, आठ तासांहून जास्त वेळ घेऊन आणखी एक पूर्ण केली. तुमच्या गावात कदाचित कुणी हसेलही. बहुधा तो स्वतः धावत नसेल.

घड्याळात १०.२ किलोमीटर आले. मार्ग चुकीचा मोजलाय का?

बहुतेक नाही. प्रमाणित मार्ग सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणांच्या आतल्या कडेने मोजतात, सायकलच्या चाकाला बसवलेल्या मोजणीयंत्राने, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. आपण पाण्यासाठी डावीकडे जातो, फोटोवाला दिसला की उजवीकडे, खड्डा चुकवतो, ओळखीच्याला टाळी देतो. उंच इमारतींमध्ये जीपीएसही भरकटतं. तरी सगळ्याच गावदौडींचे मार्ग असे मोजलेले नसतात. दहाच्या जागी ९.४ आले आणि दहा जणांच्या घड्याळात तेच असेल तर विचारा. वैयक्तिक विक्रम झाल्याचं आधी स्टेटसला टाकू नका.

‘सामाजिक कार्यासाठी दौड’ म्हणतात. पैसे जातात कुठे?

टी-शर्ट, पदक, चिप, पाणी, रुग्णवाहिका, मंडप यांत फीचा मोठा भाग जातो. कामासाठी पैसे उभे राहतात ते मुख्यतः प्रायोजकांकडून आणि वेगळ्या देणग्यांतून. मागच्या वर्षी कुठल्या संस्थेला किती दिले हे माहितीपत्रकात नसेल तर विचारायला संकोच करू नका. सरळ सांगणारे आयोजक भरपूर आहेत.

संपल्यावर काय करायचं?

बसू नका. दहा मिनिटं चाला, कोरडा शर्ट घाला, मग पोहे, उपमा, केळं, चिक्की, जे मिळेल ते तासाभरात खा. अंग दुखणं दुसऱ्या दिवसापासून वाढतं आणि काही दिवस टिकतं. जिना उतरताना कठडा धरा, किंवा उलटे उतरा. हसतील ते घरचेच असतात. हलकं चालणं चालू ठेवा, जोराचं मालीश दोन दिवस नको.

मी पोहोचलो तेव्हा कमान उतरवत होते. निकालात नाव नाही, पदकही संपलं होतं.

मॅट गुंडाळल्यावर चिपची नोंद होत नाही, त्यामुळे नाव आपोआप येणार नाही. त्याच दिवशी आयोजकांना बिब नंबर, घड्याळातली नोंद आणि वाटेतल्या मॅटची वेळ असेल तर ती पाठवा. मर्यादेच्या आत पोहोचला असाल तर नाव घालायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. मर्यादेबाहेर असाल तर वेळ मागू नका. पदक मात्र मागा. बहुतेक आयोजकांकडे न आलेल्यांची पदकं खोक्यात पडून असतात, आणि आठवडाभराने कार्यालयात गेलात तर कुणीतरी ते काढून देतं, सोबत चहाही.